धुऱ्यावरची चाचपडी

ये गं माय, अशी जवळ सरक. उंबऱ्यात नको बसू, तिथं वारं लागतं. आणि तो फोन जरा पालथा घाल. आधी दोन शब्द रागाचे ऐकून घे, मग बाकीचं सांगते. दसऱ्याला येते म्हणलीस, आली नाहीस. दिवाळीला येते म्हणलीस, तुझ्या आईनं तुझ्यापुरता चिवडा वेगळ्या डब्यात भरून ठेवला, कुणाला हात लावू दिला नाही. तो मऊ पडला, तेव्हा तुझ्या बापानं मुकाट्यानं बसून खाल्ला. परमुलखातल्या जंगलात कुठल्या पानाखाली कोण बसलंय ते तुला ठाऊक असतं, आणि इथं कोण कोण तुझी वाट बघत बसलंय ते ठाऊक नसतं, हे कसं गं?

झालं, रागावून झालं. तू समोर नाहीस हे काय मला कळत नाही? पण फोनवर निम्मं बोलणं झालं की तुझी रेंज जाते आणि मी आपली भिंतीशी बोलत राहते. तुझी आई आतून हसते. म्हणून हे लिहायले. अक्षर असं तिरपं का म्हणून विचारू नको. तू पहिलीत होतीस तेव्हा तुझ्याच पाटीवर, तू झोपल्यावर, तुझीच अक्षरं गिरवून शिकलेली मी. तुझंच तिरपं माझ्यात आलंय.

तुझ्या त्या जनावराची आणि माझी पहिली भेट झाली ती फोनच्या काचेतून. तू तुमच्या जंगलात गुडघ्यावर बसलेली, डोक्याला दिवा बांधलेला, आणि खाली नुसता पाचोळा. दुपार असूनही अंधारलेलं. तू म्हणलीस, इथं खाली जमिनीपर्यंत ऊन पोचतच नाही, वर झाडांनी आभाळ झाकून टाकलंय. मग तू एक कुजकं लाकूड हळूच उचललंस, आणि त्याखाली जे बसलं होतं ते बघून माझ्या हातातली परात खाली पडली.

“आग माय! विंचू हाय का काय? सरक, सरक मागं!”

“आज्जी, विंचू न्हाई. चाबूक-कोळी म्हणतात हिला. नांगी न्हाई, विष न्हाई, जाळं पण विणत न्हाई.”

“मग जगती कशी?”

“हात लावून लावून,” असं तू म्हणलीस. मला ते तुझं बोलणं आजही आठवतं.

चपटी, भाकरी थापताना कडेला पडलेल्या उंड्यावर थाप मारावी तशी चपटी. रंग मातीचा. पुढं दोन काटेरी हात घडी घालून धरलेले, आणि त्यांच्या मागं दोन पाय असे लांब, असे बारीक, की शिवायच्या दोऱ्याहून थोडे जाड. तू सांगितलंस की त्या दोन पायांनी ती चालतच नाही. बाकीच्या पायांवर खेकड्यावाणी आडवी सरकते, आणि ते दोन नुसते फिरवत राहते, पुढं, मागं, बाजूला. काय ओलं आहे, काय कोरडं, कोण आपलं, कोण परकं, सगळं त्यानंच कळतं तिला. अंधार पडल्यावर शिकारीला निघते आणि चाचपत चाचपत परत आपल्याच लाकडाखाली येते.

मी म्हणलं, म्हणजे ही माझ्यासारखीच की. डाव्या डोळ्याचं ऑपरेशन झालंय, उजव्यानं मला अजून धुकंच दिसतं. मिठाचा डबा, मोहरीचा डबा, चुलीजवळचं फडकं, सगळं मी हातानंच ओळखते. त्या दिवसापासून मी तिचं नाव चाचपडी ठेवलं. तुझं ते इंग्रजी, लॅटिन काय असेल ते तुझ्याजवळ राहू दे.

आता इथली गोष्ट.

भादव्यात मूग निघाला. अंगणात ताडपत्रीवर पसरला होता आणि वारं सुटलं, तर कोपऱ्यांवर ठेवायला मला चपटे दगड पाहिजे होते. आपल्या रानाच्या धुऱ्यावर, बांधाच्या लिंबाखाली, तो दगडांचा ढीग आहे ना, तुझ्या पणजोबांपासून नांगराला लागेल तो दगड तिथंच टाकत आलेत, तिथं गेले. वरचे दगड तापलेले होते. कडेचा एक सपाट बघून उचलला, तर त्याच्या खालच्या अंगाला चुन्याचा पुसट डाग. मी लगेच हात जोडले. तो आपला थोरला पांडव निघाला!

तुला आठवतं ना गं? येळवसीला, म्हणजे मार्गशीर्षातल्या अवसेला, सारं गाव घराला कुलूप घालून रानात जातं. कडब्याच्या पेंढ्यांची खोप करायची, आत पाच दगड मांडायचे, त्यांना चुना लावायचा, काव लावायची, ते पाच पांडव. बाकीचे लोक दरसाल नवे दगड घेतात. आपल्या घरची रीत वेगळी. पूजा झाली की तेच पाच दगड परत ढिगात ठेवायचे, चुन्याची बाजू खाली करून, आणि पुढच्या साली पोरांनी शोधून काढायचे. तुझे आजोबा म्हणायचे, पांडव वर्षभर अज्ञातवासात गेले. लहानपणी सगळ्यांत आधी तूच शोधायचीस. हाताला खरचटायचं, तरी पाचवा सापडेपर्यंत जेवायला यायची नाहीस.

तर तो थोरला मी उचलला, आणि त्याच्या जागी, गारव्याला, ती बसलेली. तुझ्या फोनमधलीच, पण अंगानं लहान आणि रंगानं आपल्या काळ्या मातीच्या जवळची. मी ओरडले नाही गं. मी खाली वाकले, चांगला डोळा जवळ नेला. आणि बघते तर पाठीवर लेकरं! हुरड्यातल्या कोवळ्या दाण्यांवाणी, पांढरट हिरवी, एकाला एक चिकटून बसलेली. ती हलली नाही, पळाली नाही. नुसता एक दोरा माझ्याकडं वळवला, हवेत थोडा फिरवला आणि परत मागं नेऊन पाठीवरच्या लेकरांवरून अलगद फिरवला. सगळी आहेत का म्हणून बघावं तसं.

मला तर भरूनच आलं. मी दगड जसा होता तसा ठेवला, मूग गेला वाऱ्यावर तर जाऊ दे म्हणलं, आणि घरी येऊन तुला फोन लावला. तू आधी हसलीस, म्हणलीस, आज्जी, तिकडं कशी असेल, ती साधी कातिण, कोळी असेल. मग मी लेकरांचं सांगितलं, रंग सांगितला, तो दोरा फिरवला ते सांगितलं. तू गप्पच झालीस. मला वाटलं रेंज गेली. पण तू रडायलीस असं नंतर कळलं.

“आज्जी, ती माझ्यावाल्यांची चुलतबहीण हाय. आपल्या रानात! मी लहानपणी त्याच दगडांत हात घातलेत गं.”

“मग ये की बघायला.”

“येते. पण तवर त्या ढिगाला कुणाला हात लावू देऊ नको. लेकरं खाली पडली की परत चढता येत न्हाई त्यांना. कातडं टाकलं की आपोआप उतरतात, पण तेवढे दिवस जपावं लागतं.”

जिम्मा घेतला बाई मी. रोज नाही, पण आडवं-उभं रानात जाणं झालं की तिकडं चक्कर. लेकरं खरंच उतरली पाठीवरून. पुढं आश्विनात एकदा दगड बोटभर वर केला तर आई मधे आणि ती इवली इवली सभोवार. आई एकीला दोरा लावायची, ती दुसरीला. कुणी कुणाला ढकलत नव्हतं, नुसतं बोटानं विचारावं, “आहेस ना?” तसं. मी तुला फोनवर सांगितलं तेव्हा तू म्हणलीस, हे बघायला लोक वर्ष वर्ष घालवतात. मी म्हणलं, मला तर रानात चक्कर मारताना दिसलं.

आता इथं तुझ्या बापाचं आलं. तू कपाळाला आठ्या घालायलीस ते मला इथून दिसतंय. ऐक तरी.

तू बँकेत लागायचं सोडून जंगलात निघालीस तेव्हा तो जे बोलला ते सगळ्या गल्लीनं ऐकलं. “किडे बघायला शिकवलं का तुला?” हे त्याचं. “हो, त्याच्यासाठीच शिकवलंत,” हे तुझं. मग पहिल्या एसटीनं तू गेलीस. त्यानंतर दोन येळवशी झाल्या, तुमी बापलेक एकमेकांशी बोलत नाही. तो तुझ्या आईला म्हणतो, जेवली का विचार. तू तुझ्या आईला म्हणतेस, बीपीची गोळी घेतात का विचार. मधे ती बिचारी निरोप्या होऊन बसलीय. आमच्या घरात तुझा विषय निघाला की तो उठून बैलाला पाणी दाखवायला जातो. बैल विकले त्याला किती काळ झाला! रिकाम्या गोठ्यात जाऊन उभा राहतो.

दिवाळी झाली आणि तुझ्या बापानं काढलं की धुऱ्यावरचा ढीग हटवायचा. कारण खरंच आहे बाई, खोटं का बोलू. औंदा त्या अंगाला ऊस आहे. गंगाखेडच्या कारखान्याला न्यायला ट्रॅक्टर येतो, मागं दोन ट्रॉल्या जोडलेल्या, तो त्या कोपऱ्यात वळत नाही. मागच्या खेपेला चाक दगडावर चढून ट्रॉली कलंडता कलंडता राहिली. त्यानं जेसीबी सांगितला.

मी म्हणलं, “आरं, तिथं पांडव हायेत.”

“माय, पांडवाचे पाच दगड बाजूला काढून दे. बाकीचे नाल्यात टाकतो.”

“अवसेच्या आधी हलवायचे नसतात.”

“कुणी सांगितलं?”

“मी सांगायले की.”

तो हसला. म्हणला, “मग खूण करून ठेव. तेवढे सोडून उचलायला सांगतो.”

मी पण हुशार! पाच कशाला, मी म्हणलं. चुन्याचा डबा घेतला, जुना कुंचा घेतला, आणि चाचपडीच्या बाजूचे जेवढे म्हणून दगड होते त्या सगळ्यांना चुना फासला. झालेच की सगळे पांडव! कोण येतंय मोजायला. कंबर धरली, पण लय समाधानानं घरी आले.

इथंच माझं चुकलं. मला डोक्यातच आलं नाही. आपल्याकडं पाया खोदायचा असला, प्लॉट पाडायचा असला की चुन्याची फक्की मारतात, आणि मशीनवाल्याला एवढंच ठाऊक, जिथं चुना तिथं खोदायचं. सकाळी जेसीबी आला. तुझा बाप गावात डिझेल आणायला गेलेला. मी भाकरी बांधून रानात पोचते तर तो मिशीवाला ड्रायव्हर सरळ चुन्यावर बकेट घालायलाय! बाकीचा सगळा ढीग तसाच, आणि माझे पांढरे पांडव खडखड खाली यायलेत.

“ए बाबा! थांब! थांब म्हणते ना!”

त्याला काही ऐकू येईना. मी हातातली भाकरी टाकली, पदर खोचला आणि जाऊन दगडावर बसले. बकेटीच्या पुढ्यातच. मशीन बंद झालं. तो खाली उतरला, घाबरलेला.

“आजी, मरायचं हाय का? मालकानं खूण केलीय ना?”

“मालकानं न्हाई, मी केली. सोडायची म्हणून केली.”

“सोडायला चुना लावतात व्हय?” तो बिचारा हैराण. “आमी तर चुना दिसला की उचलतोय.”

“मला काय ठाऊक तुझी रीत! पांडवाला चुना लावतात, एवढंच मला ठाऊक.”

तो डोक्याला हात लावून धुऱ्यावर बसला. मी पण बसलेले. आता उठावं तर भीती, खाली काय काय चिरडलं असेल. आणि तेव्हा बघ, माझ्या पायाशी, भर उन्हात, ती आली. थोरला पांडव उलथा पडला होता, त्याच्या कडेनं. एक दोरा लांब, आणि दुसरा निम्म्यातच तुटलेला. त्या तुटक्यानं पण ती चाचपायलीच होती, जणू तो आहेच पूर्ण. माझं बोट दगडावर टेकलेलं होतं. तिनं तो लांब दोरा आणून माझ्या बोटाला लावला. झोपलेल्या लेकराला ताप आहे का म्हणून आपण कपाळाला हात लावतो ना, अगदी तसा लावला.

तेवढ्यात तुझा बाप मोटारसायकलवर आला. डिझेलचा कॅन टाकून पळतच आला.

“माय! काय झालं? पडलीस का?”

“न्हाई रे. हळू. पाय बघून टाक.”

त्यानं खाली बघितलं. मला वाटलं, आता हा चप्पल काढतो. माझा हात आपोआप पुढं झाला. तर ह्यानं काय करावं? खिशातली दस्ती काढली, दोन टोकं धरून तिच्यावर सावली केली. आणि हळूच म्हणला, “हिला ऊन सोसत न्हाई. लेकरं कुठंयत हिची?”

मी त्याच्या तोंडाकडंच बघायले. “तुला काय ठाऊक लेकरांचं?”

कान लाल झाले त्याचे, लहानपणी व्हायचे तसे.

“आरं, विचारते मी. तुला कुणी सांगितलं उनाचं, लेकरांचं?”

“तू फोनवर किती मोठ्यानं बोलती माय,” तो म्हणला. “बाहेरच्या खोलीत सगळं ऐकू येतं.” मग दस्ती सरळ धरत म्हणला, “आणि ती तिकडून जे व्हिडिओ पाठवती तिच्या आईला, ते... बघतो मी. आवाज बंद करून.”

ऐकलंस ना? आवाज बंद करून! म्हणजे तुझ्या आईला कळू नये. आणि तिनं मला नंतर सांगितलं, तिला कधीचं ठाऊक आहे. रोज सकाळी तिचा फोन जागचा हललेला असतो.

ती सावलीसावलीनं सरकत एका फटीत गेली. मग तुझ्या बापानं ड्रायव्हरला चहा पाजून, दिवसाचं काय असेल ते देऊन वाटेला लावलं. आणि स्वतः बसला दगड लावत. मशीननं जे पाडलं ते हातानं एकेक उचलून, खाली काही आहे का बघून, जसं होतं तसं रचलं. मी चुन्यावरून सांगायचे, हा वरचा, हा कडेचा. माझ्याच चुन्याचा तेवढा तरी उपयोग झाला. दोन लेकरं दिसली आमाला. एक त्याला, एक मला. बाकीची आत असतील असं धरून चाललोय. नक्की सांगणारी तू, आमाला काय कळतंय.

दिवेलागणीला घरी निघायचं तर हा परत वाकला, फोनचा उजेड खाली धरून बघायला लागला.

“माय, तिचा तो तुटलेला पाय परत येतो का गं?”

“मला काय इचारतो? तुझी लेक सांगंल.”

“तू इचार.”

“मी न्हाई इचारत. मला तिचं उत्तर ठाऊक हाय.” (ठाऊक होतं मला. तू मागंच सांगितलंयस, कातडं टाकलं की नवं फुटतं म्हणून. पण मी कशाला सांगू?) “तूच फोन लाव.”

त्यानं फोनचा उजेड बंद केला. चालता चालता, माझ्याकडं न बघता म्हणला, “येळवसीपर्यंत थांबतो मी. तिनं यावं, तोंडानं सांगावं, ठेवा म्हणून. मग ठेवीन. न्हाई आली तर जेसीबी परत बोलवीन.”

म्हणजे बघ माय, आता ढीग तुझ्या येण्यावर आहे. तो तसा शब्दाचा पक्का, हे तुला मी सांगायला नको. त्याच्यावरच गेलीयस तू.

पण एक गोष्ट सांगते आणि ती माझ्याकडून कळली असं बोलू नको. काल मी दुसऱ्या अंगाच्या कोपऱ्याकडं गेले होते, नाल्याच्या बाजूला. तिथली ती वेडी बाभळ तुझ्या बापानं तोडून टाकलीय. काटे एका बाजूला ओढून ठेवलेत, जमीन कुदळीनं सपाट करायलाय. मी विचारलं, हे कशाला? म्हणला, सरपण पाहिजे होतं. गॅस आहे घरात, सरपण कशाला लागतं! तिथून ट्रॅक्टर दोन ट्रॉल्या घेऊन सहज वळंल एवढी जागा झालीय. भाकरी ठेवली आणि आले.

म्हणून म्हणते, आता त्याला तेवढं एक कारण पाहिजे, आणि ते तू आहेस. तो फोन लावणार नाही. लावायला घेतो, नाव काढतो, आणि खिशात घालतो, मी बघितलंय. ती धुऱ्यावरची बाई तुटक्या दोऱ्यानं पण चाचपायचं सोडत नाही, आणि तुमी दोघं धडधाकट असून हात आखडून बसलात. कुणीतरी आधी पुढं करा.

परभणीला उतरलीस की परळीकडची गाडी मिळती, गंगाखेडला उतर, तिथं न्यायला कोण येईल हे मी सांगत नाही. तुझी आई आंबील घालणार आहे, बाजरीचे उंडे करणार आहे, हरभरा, वाटाणा, शेंगदाणे एकत्र घालून भज्जीची भाजी करणार आहे. चिवडा नवा केलाय. पाचांतले चार पांडव मला ठाऊक आहेत कुठं आहेत ते, पण पाचवा मशीनच्या गडबडीत कुठं गेला ते कुणालाच सापडेना. तुझा बाप म्हणला, राहू दे, तो शोधणारीच शोधंल. तेव्हा बाई, लवकर निघ. अवसेच्या आदल्या दिवशी तरी घरी ये.